चाल्कोलाइटचा पुरावा

रेडियमच्या शोधाची गोष्ट निघाली की श्रेय जातं पिचब्लेंड या युरेनियमच्या काळ्या खनिजाला. माझ्या मते त्या शोधातला निर्णायक पुरावा दिला तो एका हिरव्या खनिजाने. त्याचं तेव्हाचं नाव चाल्कोलाइट, आजचं टॉर्बर्नाइट.

हे तांबं आणि युरेनियम यांचं सजल फॉस्फेट. युरेनियमच्या साठ्यात वरून ऑक्सिजनयुक्त पाणी झिरपलं की मूळ खनिज हळूहळू विरघळतं. त्या पाण्याला तांबं आणि फॉस्फेट मिळालं की खडकाच्या फटींत चौकोनी, चपटे स्फटिक धरू लागतात. ते नखाने ओरखडा उठेल इतके मऊ असतात आणि अभ्रकासारखे त्यांचे पापुद्रे सुटतात. कोरड्या हवेत त्यातलं पाणीही उडून जातं.

फेब्रुवारी १८९८. पॅरिसच्या ल्होमोंद रस्त्यावरच्या शाळेतली दमट खोली. पारा जेमतेम सहा अंशांवर. मेरी क्युरी धातूच्या तबकडीवर खनिजाची पूड पातळ पसरायची. तीन सेंटिमीटर वर दुसरी तबकडी, दोन्हींत शंभर व्होल्टचा दाब. युरेनियममधून निघणाऱ्या किरणांमुळे हवेतून वाहणारा प्रवाह इतका क्षीण, की तो मोजायला तिचा नवरा पिएर आणि त्याचा भाऊ जाक यांनी घडवलेलं क्वार्ट्झचं उपकरणच हवं. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन टांगायचं, त्यातून निघणाऱ्या विद्युतभाराने तो प्रवाह तोलून धरायचा आणि घड्याळाकडे बघत सेकंद मोजायचे. हात जरा हलला की मोजणी वाया.

तोवरच्या मोजण्या एकच सांगत होत्या. जितकं युरेनियम जास्त, तितके किरण जास्त. मग युरेनियम धातूच्या प्रवाहाचा आकडा आला २४ आणि चाल्कोलाइटचा ५२! या खनिजात युरेनियम वजनाने निम्म्याहूनही कमी. पिचब्लेंड तर ८३ वर गेलं होतं.

उपकरण चुकत होतं का? की तांबं आणि फॉस्फेट यांच्या सोबतीने युरेनियमचं तेज वाढत होतं? पिचब्लेंडकडे याचं उत्तर नव्हतं. त्यात नाना धातूंची सरमिसळ. चाल्कोलाइटची घडण मात्र नेमकी ठाऊक होती आणि ते प्रयोगशाळेत बनवताही येत होतं. मेरीने दब्रे या रसायनशास्त्रज्ञाची कृती हाती घेतली. फॉस्फोरिक आम्लात विरघळवलेलं कॉपर फॉस्फेट युरेनिल नायट्रेटच्या द्रावणात मिसळलं आणि मिश्रण पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवलं. काही वेळाने द्रावणात स्फटिक दिसू लागले. घटक तेच, रचना तीच.

ते तबकडीवर आले. आकडा, ९.

मला हा क्षण रेडियमच्या जन्माइतकाच थोर वाटतो. दोष उपकरणाचा नव्हता, रासायनिक संयोगाचाही नव्हता. खाणीतल्या स्फटिकात आणखी काहीतरी दडलेलं होतं, युरेनियमहून कितीतरी प्रखर. १२ एप्रिलला गाब्रिएल लिपमन यांनी मेरीचं टिपण विज्ञान अकादमीपुढे मांडलं, त्यात नव्या मूलद्रव्याची शक्यता नोंदलेली होती. पिएर आपलं काम बाजूला ठेवून तिच्या शोधात सामील झाला. जुलैत पोलोनियम हाती आलं, डिसेंबरात रेडियम, दोन्ही पिचब्लेंडमधूनच.

५२ आणि ९ यांतल्या अंतराचं कारण पुढे रदरफर्ड आणि सॉडी यांच्या ऱ्हासाच्या सिद्धान्ताने उलगडलं. युरेनियमचे अणू फुटत फुटत रेडियम, पोलोनियम होतात. खाणीतल्या स्फटिकात हे वारस दीर्घकाळ साचत आलेले असतात. मेरीचा स्फटिक शुद्ध केलेल्या युरेनियमच्या क्षारापासून बनला होता. त्यात तितकं रेडियम साचायला फार मोठा काळ लागला असता.