पुस्तकं महाग आहेत, की रस्ते माहीत नाहीत? तीन पुस्तकं आणि ती स्वस्तात मिळवायच्या तीन वाटा

"सध्या काय वाचतोयस आणि हे सगळं परवडतं कसं?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असतो. प्रश्न रास्त आहे. तीनशे-चारशेचं पुस्तक, वर कुरिअरचे पैसे, म्हणजे महिन्याभराचा रिचार्ज गेला. त्यात आपण वरठीचे. नवीन मराठी पुस्तक हातात घेऊन, चाळून बघायचं तर बहुतेक वेळा नागपूरच गाठावं लागतं. म्हणून आज नुसती यादी नको. मी एवढ्यात वाचलेली तीन पुस्तकं सांगतो आणि प्रत्येकासोबत एक वाट सांगतो.

पहिलं पुस्तक, महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड'. लिहिलं १८८३ मध्ये. शाळेत आपण नाव पाठ केलं, पुस्तक मात्र उघडलं नाही. उघडल्यावर कळतं की हा माणूस नुसता चिडून लिहीत नाही, उपायही सांगतो. शेतातली माती पावसात वाहून जाऊ नये, पाणी मुरावं म्हणून ताली-बंधारे कसे घालावेत, हे त्यात आहे. धानाच्या बांध्या बघत वाढलेल्या माणसाला हे वाचताना वेगळंच वाटतं. आणखी एक गोष्ट. हे पुस्तक 'दीनबंधू'मध्ये छापायला सुरुवात झाली आणि सुरुवातीच्या भागांनंतर ते छापणं थांबलं. तेव्हा जे पूर्ण छापलं गेलं नाही, ते आज तुमच्या फोनवर फुकट येतं.

फुकट कसं काय? कायद्याने. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लिखाणावरचा कॉपीराइट संपतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लिखाण सगळ्यांचं झालं. फुले तर १८९० मध्येच गेले. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतवर मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली बरीच प्रकाशनं वेबसाइटवर मोफत ठेवली आहेत. हे मंडळ १९६० पासून आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत आहे.

इथे थोडं इंजिनिअरसारखं बोलतो, कारण "फोनवर वाचवत नाही रे" ही तक्रार खरी आहे. बऱ्याच जुन्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात. फोटोतली अक्षरं स्क्रीनप्रमाणे मोठी होऊन खाली सरकत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीला झूम करून डावी-उजवी करावी लागते. काही पीडीएफमध्ये अक्षरं असतात, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. कॉपी केलं की भलतंच काहीतरी उमटतं आणि शब्द शोधताही येत नाही. तेव्हा निवड सोपी ठेवा. ईपब मिळत असेल तर ईपब घ्या. त्यात फॉन्ट मोठा केला की ओळी आपोआप जुळतात. विकिस्रोतवरून पुस्तक ईपबमध्ये उतरवता येतं. फक्त स्कॅनच असेल तर फोन आडवा धरा, नाहीतर कोणाचा टॅब मागा.

दुसरं पुस्तक, वसंत मून यांचं 'वस्ती', १९९५ चं आत्मकथन. नागपूरची एक दलित वस्ती, तिथली गरिबी, तिथली पोरं आणि आंबेडकरी चळवळीने त्या वस्तीला दिलेला ताठ कणा. बाबासाहेबांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली होती आणि ते हरले होते, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? तो काळ, ती माणसं समजून घ्यायची असतील तर 'वस्ती' वाचा.

याची वाट म्हणजे दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लोक जाताना पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात. आपल्याकडून भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर साठेक किलोमीटर. रेल्वेचं तिकीट कुरिअरपेक्षा स्वस्त पडतं. तिथे पातळ पुस्तिकांपासून जाड ग्रंथांपर्यंत सगळं हाताळून घेता येतं. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य सरकार १९७९ पासून काढत आलं आहे, आणि सुरुवातीच्या खंडांचे संपादक हेच वसंत मून. सरकारी असल्यामुळे पानांच्या मानाने किंमत फार कमी. म्हणून ते लवकर संपतात. छपाई रखडल्याची बातमी आल्यावर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. स्वस्त पुस्तक वेळेवर छापलं जाणं हासुद्धा हक्काचा प्रश्न आहे, तो असा. बाकी वर्षभर सीताबर्डीत जुन्या पुस्तकांचे ठेले असतातच. घ्यायच्या आधी पानं पूर्ण आहेत ना, तेवढं बघा.

तिसरं पुस्तक, मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा'. चितमपल्ली वनखात्यात होते, नवेगावबांधला राहिले, आणि तिथलं रान, पाखरं, माणसं त्यांनी मराठीत आणली. नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणजे हे आपल्या शेजारचं जंगल आहे. सोलापूरकडून आलेल्या माणसाने ते आपल्याला वाचायला दिलं. भिलारनंतर ज्या गावांना 'पुस्तकांचं गाव' करायचं ठरलं, त्यातही नवेगावबांध आहे.

हे पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. वाचनालयात मागा. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. त्या पैशातून पुस्तकं घेतली जातात. ती कोणी मागितलीच नाहीत, तर कपाटात राहतात. सभासद व्हायला थोडी अनामत आणि वर्गणी लागते. हवं ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना लेखकाचं आणि प्रकाशनाचं नाव कागदावर लिहून द्या. पुढच्या खरेदीत ते येऊ शकतं. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव लागला की तोही चुकवू नका.

आता टेलिग्रामचं. नव्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर पडते आणि आपण म्हणतो, मिळालं! हिशेब करून बघा. समजा ३०० रुपयांचं पुस्तक आहे आणि लेखकाला दहा टक्के मिळतात. म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायलाही कधी कधी वर्षं लागतात. त्यातल्या शंभर जणांनी पीडीएफवर भागवलं तर लेखकाचे तीन हजार जातात, ते वेगळंच. पण प्रकाशक पुढची आवृत्ती काढतच नाही, आणि मग ते पुस्तक पैसे देऊनही मिळत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: कॉपीराइट संपलेलं किंवा स्वतः लेखकाने, संस्थेने मोफत दिलेलं असेल तर बिनधास्त उतरवा. हयात लेखकाचं असेल तर वाचनालय, जुनं पुस्तक किंवा चौघांत मिळून एक प्रत.

चौघांचं गणितही सांगतो. प्रत्येकी महिन्याला शंभर रुपये काढले तर चारशे जमतात, म्हणजे दर महिन्याला एक नवं पुस्तक. वर्षाला बारा पुस्तकं, वाचायला चौघांना, आणि कुरिअर एकदाच. वर्ष संपलं की प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन प्रती.

तर या आठवड्याचं काम एवढंच: 'शेतकऱ्याचा असूड' फोनवर उतरवा आणि त्यातली दहा पानं वाचा. आवडली तर अकरावं वाचा, नाही आवडली तर का नाही, ते मला ऐकवा. भेटू पुढच्या भागात.