पिलांची रक्ती हगवण आणि तटलेली अन्नपिशवी

नांदेड-लातूरकडील शेतवस्तीवर मृगाच्या सरी पडून खुराड्यातील भुसा दमट झाला, की ३ ते ६ आठवड्यांची पिले पंख सैल सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होऊ लागतात. आणि डालग्याखाली रक्तमिश्रित विष्ठा आढळली, तर तो बहुधा रक्ती हगवणीचा दाखला समजावा. या विकाराचे कारण असलेला आयमेरिया हा जंत नसून आतड्याच्या अस्तरात वाढणारा एकपेशीय परोपजीवी असल्यामुळे पिपराझिनसारखी जंतांवरची औषधे येथे निरुपयोगी ठरतात, व पाण्यातून अँप्रोलियम देण्याची तजवीज करावी लागते. हे औषध ब-१ जीवनसत्त्वाचे सोंग घेऊन परोपजीवीची उपासमार करते. सबब उपचारकाळात ते जीवनसत्त्व वेगळे पाजणे म्हणजे शत्रूस रसद पोचविणे होय.

गळ्याखालील अन्नपिशवी पहाटे, दाणे टाकण्यापूर्वी, चाचपावी. निरोगी पिलाची ती रात्रीतून रिकामी होते. कडक लागल्यास चोचीत खाद्यतेलाचे एक-दोन थेंब सोडून बोटांनी हलकेच चोळावे. मऊ, फुगलेली व आंबूस वासाची असल्यास मात्र पिलू उलटे धरून ती पिळू नये, कारण द्रव श्वासनलिकेत उतरून पिलू दगावते.

औषधाची मात्रा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच ठरवून घ्यावी. निदानाविषयी शंका उरल्यास उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. तथापि ओल्या भुशात रोगबीज एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होत असल्याने, वरचेवर उलथून कोरडा राखलेला भुसा हाच पहिला इलाज होय.