अपघातानंतरचा पहिला तास



अपघात होऊ नये म्हणून काय करावे, हे तुम्ही पुष्कळदा वाचले आहे. वाहन सावकाश चालवावे, सिग्नल पाळावा, हेल्मेट घालावे, सीटबेल्ट लावावा. पण एवढे करूनही अपघात झालाच, तर वाहनचालकाने काय करावे? हे मात्र फार थोड्या लोकांना नीट माहीत असते.

तुम्ही म्हणाल, "आमचे वय अजून अठरा झाले नाही. आम्हांला वाहन चालवण्याचा परवाना नाही. मग हा पाठ आमच्यासाठी कसा?" पण तुम्ही वडिलांच्या, काकांच्या किंवा मामांच्या शेजारी गाडीत बसता. अशा वेळी घाबरलेल्या चालकाला योग्य गोष्ट सांगणारे त्याच्याजवळ कोणीतरी हवे असते. ते तुम्ही असू शकता.

२०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. यांतील काही माणसे वेळेवर मदत मिळाली असती तर वाचली असती. गंभीर इजा झाल्यानंतरच्या पहिल्या एका तासात उपचार मिळाले, तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून आपल्या कायद्यात या तासाला 'सुवर्ण तास' म्हणजे सोन्यासारखा मोलाचा तास म्हटले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचे मामा मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावहून धुळ्याला निघाले आहेत. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला आहात. अचानक एक मोटारसायकल आडवी येते. मामा ब्रेक दाबतात, तरी धडक बसतेच. मोटारसायकलस्वार रस्त्यावर पडतो. मामांचे हातपाय कापू लागतात. लोक मारतील, पोलीस पकडतील, या भीतीने त्यांना वाटते, गाडी तशीच पुढे न्यावी. भीती वाटणे साहजिक आहे. पण पळून जाणे हा त्यावरचा उपाय नाही.

मामांनी सर्वांत आधी थांबले पाहिजे. अपघात झाल्यावर वाहन थांबवणे हे मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. गाडी थांबवून त्यांनी इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि चारही बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावावेत. मागून भरधाव येणाऱ्या वाहनांना लांबूनच कळावे, म्हणून लाल त्रिकोणी फलक गाडीच्या बऱ्याच मागे ठेवावा. असे केले नाही, तर एका अपघातातून दुसरा अपघात होतो. तुम्ही स्वतः रस्त्याच्या मध्ये न थांबता कडेला उभे राहावे.

लगेच दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. पोलिसांची किंवा कोणतीही तातडीची मदत हवी असेल, तर ११२ हा क्रमांक आहे. बोलताना आधी ठिकाण सांगावे. कोणता रस्ता, कोणत्या गावाजवळ, कोणत्या दिशेची बाजू, जवळच्या किलोमीटरच्या दगडावर कोणता आकडा आहे, हे सांगितले की रुग्णवाहिका लवकर पोहोचते. किती माणसे जखमी आहेत, हेही सांगावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत जखमी माणसाची काळजी घ्यावी. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरावी. त्याला ओढून उठवू किंवा बसवू नये, कारण मानेला वा पाठीच्या कण्याला मार लागलेला असला तर इजा वाढते. मात्र आग लागण्याचा किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका असेल, तर मान सांभाळून त्याला बाजूला न्यावे. पाणी किंवा चहा पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी अडकते आणि श्वास कोंडतो. त्याच्याशी धीराने बोलत राहावे.

रुग्णवाहिका यायला उशीर होत असेल, तर दुसऱ्या वाहनाने जखमीला जवळच्या रुग्णालयात न्यावे. "आधी पोलीस येऊ द्या, मग उपचार करू," असे डॉक्टरांना म्हणता येत नाही. आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला आहे, आणि कायद्यातही तसेच लिहिले आहे. खर्चाची भीती बाळगू नये. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात.

पण जमाव चिडून अंगावर धावून आला तर? कायद्याने याचाही विचार केला आहे. जमावाच्या संतापामुळे जखमीला रुग्णालयात नेणे चालकाला शक्य नसेल, तर तो दोषी ठरत नाही. तरीही त्याने तेथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, अपघाताची खबर द्यावी आणि जखमीसाठी मदत पाठवावी. जीव वाचवण्यासाठी पोलिसांकडे जाणे वेगळे आणि तोंड लपवण्यासाठी पळून जाणे वेगळे.

अपघाताच्या जागी पोलीस नसतील, तर चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, पोलीस ठाण्यात माहिती दिली पाहिजे. हे कर्तव्य टाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोलीस तेथे काही शब्द वापरतील. 'जबाब' आणि 'फिर्याद' हे शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचे आहेत. पण मराठीत 'फिर्याद' म्हणजे नुसते गाऱ्हाणे नव्हे, तर पोलिसांकडे नोंदवलेली रीतसर तक्रार. आणि साक्षीदारांच्या म्हणजे पंचांच्या समोर जागेची पाहणी करून जे लिहिले जाते, तो 'पंचनामा'. मामांनी घडले तसेच सांगावे, वाढवून किंवा लपवून सांगू नये. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. त्यात पॉलिसीचा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व जागा, जखमींची माहिती आणि चालकाचे नाव व परवान्याचा तपशील लिहावा.

कित्येकदा लोक म्हणतात, "पाच हजार देऊन इथेच मिटवून टाका." हे दोघांच्याही हिताचे नाही. पोटातील किंवा डोक्यातील मार कधीकधी काही तासांनी कळतो. तेव्हा त्या पाच हजारांत काय होणार? म्हणून प्रत्येक वाहनाचा 'तृतीय पक्ष विमा' कायद्याने सक्तीचा केला आहे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई करण्यासाठीच हा विमा असतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जखमीचे वय, कमाई, त्याला झालेली इजा हे सर्व पाहून नुकसानभरपाई ठरवते.

आता विचार करा, चालक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर काय होते? त्याचा विमा कोणत्या कंपनीकडे होता, हे कोणालाच कळत नाही. अशा वेळी सरकारी योजनेतून मृताच्या कुटुंबाला दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. घरातील कमावता माणूस गेल्यावर दोन लाख किती दिवस पुरतील? पळणारा चालक जखमीचा सुवर्ण तास तर हिरावून घेतोच, शिवाय त्याच्या मुलांचा हक्कही हिरावून घेतो.

रस्त्याने जाणाऱ्या इतरांनीही मदत करताना घाबरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतनिसांसाठीच्या संरक्षणाच्या नियमांना मान्यता दिली आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. केवळ मदत करणाऱ्या माणसाला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला रुग्णालयात पोहोचवून तो आपल्या वाटेने जाऊ शकतो.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. १०८ आणि ११२ हे क्रमांक घरातील लहानथोरांना पाठ करायला सांगा. घरात वाहन असेल, तर त्यात लाल त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि विम्याचा चालू कागद आहे का, हे वडीलधाऱ्यांबरोबर तपासून पाहा. आणि कधी अशी वेळ आलीच, तर आपल्या चालकाला एवढेच सांगा, "मामा, गाडी थांबवा. तो माणूस अजून जिवंत आहे."