न्यूटनने घासलेला आरसा

‘परावर्ती दुर्बिणीचा शोध न्यूटनने लावला’ हे वाक्य शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत सगळीकडे भेटते. पण आरशाने दुर्बीण करण्याची कल्पना न्यूटनची नव्हे. इटलीतल्या निकोलो झुक्की या जेसुइट धर्मगुरूने १६१६ च्या सुमारास काशाचा अंतर्वक्र आरसा वापरून पाहिला होता. प्रतिमा काही धड दिसली नाही. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने तर १६६३ मध्ये दोन आरशांच्या दुर्बिणीचा पुरा आराखडा छापला. तसा आरसा लंडनच्या कारागिरांना घासता आला नाही आणि ग्रेगरीने तो नाद सोडला.

न्यूटनचे खरे श्रेय त्याच्या हातांना द्यायला हवे. १६६८ मध्ये त्याने केलेली दुर्बीण जेमतेम सहा इंच लांब होती, पण तिच्यातून गुरूचे चंद्र आणि शुक्राची कोर दिसली. तिचा आरसा काचेचा होता असे अनेकांना वाटते. तो धातूचा होता. तांबे, कथील आणि थोडा सोमल एकत्र वितळवून न्यूटनने स्वतःच तो ओतला. खरे अवघड काम त्यापुढचे. भिंगाचा पृष्ठभाग जरासा चुकला तर प्रकाशाच्या वाटेत साधारण त्याच्या निम्मीच चूक उतरते. आरशावर मात्र ती दुप्पट होते. म्हणजे आरसा भिंगाच्या चौपट अचूक हवा. कापडावर किंवा चामड्यावर पॉलिश केले की मऊ अस्तर दबते आणि आकार बिघडतो. न्यूटनने तांब्याच्या बहिर्वक्र साच्यावर डांबरासारख्या राळेचा पातळ थर दिला, तो दाबून आरशाच्या घाटाचा केला आणि त्यावर कथलाच्या भस्माची बारीक पूड घेऊन आरसा घासला. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात त्याने ही रीत लिहून ठेवली आहे. घरी दुर्बीण करणारे हौशी लोक आजही आरसा राळेवरच पॉलिश करतात.

जास्त प्रकाश गोळा करायचा म्हणून आरसा आला, हाही गैरसमजच. न्यूटनला सलत होती ती प्रतिमेभोवतीची रंगीत किनार. लोलकाच्या प्रयोगांतून त्याला कळले होते की काचेतून जाताना प्रत्येक रंग वेगवेगळा वळतो, त्यामुळे भिंग सगळे रंग एका बिंदूत आणू शकत नाही. आरसा सगळ्या रंगांना सारखेच परावर्तित करतो. भिंगाचा हा दोष कधीच जाणार नाही, असे मात्र त्याने ठरवून टाकले, आणि तिथे तो चुकला. चेस्टर मूर हॉलने १७३० च्या दशकात दोन प्रकारच्या काचा जोडून रंगदोष बराच घालवला. एवढी मोलाची दुर्बीण चुकीच्या अंदाजातून जन्मावी, हे मला विज्ञानाच्या इतिहासातले फार मोठे आश्वासन वाटते.

न्यूटननंतर सगळे आरशांकडे वळले, असेही झाले नाही. धातूचा आरसा बराच प्रकाश गिळतो आणि लवकर काळवंडतो. पुन्हा पॉलिश करावे तर घाट बिघडण्याची धास्ती. त्याच काळात डान्झिगचा हेवेलियस दीडशे फूट लांबीच्या, भिंगाच्या दुर्बिणीतून आकाश पाहत होता. जॉन हॅडलीने सहा इंची आरशाची उत्तम दुर्बीण रॉयल सोसायटीला दाखवली ती थेट १७२१ मध्ये. काळवंडण्याचा प्रश्न सुटायला तर १८५० चे दशक उजाडले. तेव्हा काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत आली, आणि थर काळा पडला की तो धुऊन, काचेच्या आकाराला हातही न लावता, नवा चढवता येऊ लागला.