आगीपुढचा लेप

चुलीवर चढविण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला मातीचा लेप देण्याची चाल आपल्या एकोडीसारख्या गावांतून जुनी आहे. तो लेप तडकून गळाला तरी बिघडत नाही. उद्या नवा देता येतो. विमानाच्या टर्बाइन इंजिनातील पात्यांनाही असाच लेप असतो. मात्र तो गळाला तर पातेच धोक्यात येते. तेव्हा आम्हांला येथे मुख्यतः हेच सांगावयाचे आहे, की हा लेप टिकतो कशाने.

ही पाती निकेलच्या मिश्रधातूंची असतात. त्या साधारण १३०० ते १३५० अंश सेल्सिअसला वितळू लागतात. आणि आधुनिक इंजिनात पात्यांवर येणारा वायू १५०० अंशांहूनही तप्त असतो! म्हणून पाती पोकळ करून आतून हवा खेळवितात व बाहेरून झिर्कोनियाचा लेप देतात. झिर्कोनिया हे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड होय. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या झिरकॉनपासून ते करता येते. त्यातून उष्णता फार मंद वाहते. त्यामुळे पाव मिलिमीटरच्या लेपानेही धातूचे तापमान शंभर अंशांनी उतरू शकते.

परंतु शुद्ध झिर्कोनिया निवताना त्याची स्फटिकरचना बदलते व तो ४ ते ५ टक्के फुगतो. साहजिकच लेप फुटतो. म्हणून त्यात वजनाने ६ ते ८ टक्के यट्रिया मिसळतात. शिवाय धातू व लेप सारखे प्रसरण पावत नाहीत, यास्तव दोहोंमध्ये जोडथर देतात. त्यावर अॅल्युमिनाची पातळ साय धरते. ती धातूला गंजण्यापासून राखते खरी, पण वापराने जाड होत गेली की तेथेच लेप सुटू लागतो. अमेरिकेत नासाने १९७६ साली असे लेप प्रत्यक्ष इंजिनात तपासले. तेव्हापासून हा जोड टिकविण्याचीच खटपट चालू आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट हे खनिज सापडते. ते १३०० अंशांपलीकडे तापविले की फुगून त्याचे मुलाइट व सिलिका होते. म्हणून भट्टीच्या विटांत घालण्यापूर्वी ते बहुधा भाजून घेतात. फुगावयाचे ते आधीच फुगून जाते. सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या भागांसाठी संशोधकांनी प्रथम मुलाइटचेच लेप तपासले. कारण दोहोंचे प्रसरण जवळपास सारखे! पुढे तप्त वाफेत मुलाइटमधील सिलिका उडून जाते असे दिसले, आणि त्यावर दुसरा थर देणे भाग पडले. वीट असो वा पाते, पदार्थ किती उष्णता सोसतो याइतकेच तो तापता-निवताना किती हलतो, हेही आधी मोजावे लागते.