नैराश्य: जोखीम घटक म्हणजे कारण नव्हे

समजा, बारामती-इंदापूरच्या गावांत तुम्ही सर्व्हे केलात आणि कर्जदारांमध्ये नैराश्य जास्त दिसलं. लगेच ‘कर्ज हेच कारण’ असं लिहू नका. नैराश्यामुळे काम सुटून कर्ज वाढलेलं असू शकतं. आधी काय झालं, हे एकाच भेटीत कळत नाही.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा गोव्यातला अभ्यास (२००२) बघा. २७० स्त्रियांना गरोदरपणातच गाठलं, मग बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा भेटले. २३ टक्के मातांना नैराश्य होतं. पण त्यातल्या बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणातच दिसला होता. आधीची नोंद नसती, तर सगळा दोष बाळंतपणावर गेला असता. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं हे मोठे जोखीम घटक ठरले.

आपल्याकडे गाळप हंगाम संपला की ऊसतोड मजूर परत जातात. त्यामुळे दुसरी भेट हंगामातच ठेवा, नाहीतर मागे राहिलेल्यांचंच चित्र हाती येईल.

आणि हो, पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी ‘हो’ म्हटलं तर पुढे काय करायचं, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, टेलि-मानसचा १४४१६ नंबर कसा द्यायचा, हे प्रश्नावली छापण्याआधी ठरवा.