डॉक्टरांची गोळी कीं घरचा काढा?

डॉक्टरांनीं कागदावर दोन गोळ्या लिहून दिल्या कीं प्रश्न सुटला, असें एकट्या राहणाऱ्या मनुष्यास वाटत असेल. एकत्र कुटुंबांत तो तेथून सुरू होतो. दिवेलागणीपूर्वींच घरांत सभा भरते. आजी भिजविलेल्या मेथ्यांची शिफारस करतात. काका कोणा निसर्गोपचारकाचें नांव काढतात. पुण्याहून आलेला पुतण्या हातांतील दूरध्वनीच्या पडद्यावरून त्या गोळीचे बारा दुष्परिणाम वाचून दाखवितो. आणि ज्याचा रोग, तो बिचारा माजघरांत बसून सर्वांचें ऐकत असतो. आमच्या कागलांत हा देखावा आम्ही घरोघर पाहत आलों आहों. जन्मभर रासायनिक औषध पोटांत घालावें, कीं त्याऐवजीं ‘नैसर्गिक’ उपायावर भिस्त ठेवावी, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. तो विचारणारीं माणसें अडाणी नसतात. पुष्कळदां तीं चांगलीं शिकलेलीं असतात.

महाराष्ट्रांत हा प्रश्न अत्यंत हृदयद्रावक रीतीनें उभा राहिला तो पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत. १९४२ च्या ऑगस्टपासून महात्मा गांधी व कस्तुरबा तेथें स्थानबद्ध होते. बांचें हृदय दुर्बल झालेलें होतें आणि १९४३ च्या अखेरीपासून त्यांची प्रकृति फारच ढासळत गेली. उपचारास मुंबईचे प्रख्यात हृद्रोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नय्यर होतीं. तीं दोघेंही तेथेंच स्थानबद्ध. गुण येईना तेव्हां बांनीं वैद्यासाठीं हट्ट धरला. सरकारनें परवानगी देण्यास पुष्कळ वेळ लावला. अखेर पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता येऊं लागले. पाठोपाठ लाहोरचे वैद्य पंडित शिव शर्मा आले. परंतु वैद्यबुवांस रात्रीं आंत राहण्याची मुभा नव्हती. रोग्यास रात्रींच जास्त त्रास होई, म्हणून त्यांना राजवाड्याच्या फाटकाबाहेर आपल्या मोटारींत झोंपावें लागे, आणि ह्याबद्दल गांधीजींना अधिकाऱ्यांशीं पत्रव्यवहार करावा लागला. कांहीं दिवसांनीं, आपले उपाय आतां संपले, असें वैद्यांनीं मोकळेपणानें सांगितलें व शुश्रूषा पुन्हा डॉक्टरांच्या हातीं आली. रोग्यापुढें खोटी आशा न ठेवतां बाजूस होणें, हें त्या वैद्यांचें आम्हांस मोठेपण वाटतें.

त्यानंतर पेनिसिलीन आलें. युद्धाचे दिवस, हें नवें औषध बहुतेक सैन्यासाठींच राखलेलें. धाकटे चिरंजीव देवदास ह्यांच्या खटपटीनें तें कलकत्त्याहून विमानानें मागविलें गेलें, कारण बांच्या फुफ्फुसांस दाह झाला होता आणि त्यावर ह्या औषधाचा गुण नांवाजलेला होता. पण त्याच्या सुया कांहीं कांहीं तासांनीं सारख्या टोंचाव्या लागतील हें समजतांच गांधीजींनीं नको म्हटलें. मरणोन्मुख आईस आतां आणखी क्लेश देऊं नयेत, ईश्वरावर भार टाकावा, असें त्यांचें म्हणणें. देवदासांनीं परोपरीनें विनविलें. शेवटीं ते गप्प राहिले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या सायंकाळीं, बांनीं देह ठेवला.

“गांधींनीं पत्नीला पेनिसिलीन नाकारलें आणि स्वतः मात्र क्विनीन घेतलें,” असें एका वाक्यांत सांगून मोकळे होणारे लोक आहेत. दोन्ही गोष्टी घडल्या हें खरें. दीड-दोन महिन्यांतच गांधीजींना हिंवतापानें घेरलें. आरंभीं त्यांनीं औषध घेतलें नाहीं, मग क्विनीन घेतलें व ताप उतरला. परंतु हे दोन प्रसंग एका तागडींत घालणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. पेनिसिलीन जंतूंचा नाश करतें. थकलेलें हृदय व मंदावलेलीं मूत्रपिंडें त्यानें सुधारत नाहींत. हिंवतापाचें तसें नाहीं. तेथें शत्रु एकच, आणि त्याच्यावरचें नेमकें अस्त्र ठाऊक. तरी देवदासांच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींही ती बाटली मागविली असती, आणि वडिलांशीं भांडलोंही असतों.

ह्याच गांधीजींनीं १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्य’ पुस्तकांत डॉक्टर व इस्पितळें ह्यांवर कडक टीका केलेली होती. पुढें १९२४ च्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांत असतां त्यांच्या आंत्रपुच्छाचा दाह वाढला. त्यांना ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें, आणि १२ तारखेच्या रात्रीं कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज डॉक्टरापुढें त्यांनीं पोट उघडूं दिलें. श्रीनिवास शास्त्री ह्यांस बोलावून, आपण राजीखुषीनें शस्त्रक्रिया करून घेत आहों, असा मजकूर त्यांनीं आधीं लिहून ठेवविला. शस्त्रक्रिया चालू असतांच विजेचे दिवे गेले व शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें. त्या रात्रीं मातीची पट्टी पोटावर ठेवून स्वस्थ राहते तर १९३० चें मीठ उचलावयास ते राहिले असते कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा ह्यानें ढळली नाहीं. १९४६ च्या मार्चमध्यें उरुळी कांचनास त्यांनीं निसर्गोपचाराचें केंद्र काढलें, आणि तेथील आश्रम आजही चालू आहे. पण श्रद्धा कोठें थांबवावी हें त्यांना वेळेवर कळलें होतें.

आतां नित्याच्या रोगांकडे वळूं, कारण घराघरांतला खरा कलह रक्तदाब व मधुमेह ह्यांच्या गोळ्यांविषयीं असतो. “जी गोळी जन्मभर घ्यावी लागते ती औषध कसली?” हा आक्षेप आम्हीं शेंकडों वेळां ऐकला आहे, आणि तो घेणारे बहुधा आयुर्वेदाचें नांव पुढें करतात. त्यांनीं आयुर्वेद उघडून पाहावा अशी आमची विनंति आहे. प्राचीन शास्त्रकारांनीं रोगांचे साध्य आणि असाध्य एवढेच भाग केले नाहींत. असाध्यांतही त्यांनीं ‘याप्य’ म्हणून एक वर्ग मानला. याप्य म्हणजे जो मुळासकट जात नाहीं, परंतु पथ्य व औषध चालू आहे तोंवर दबून राहतो, आणि तें सुटलें कीं उसळतो. पित्तज प्रमेह त्यांनीं ह्याच वर्गांत घातले. सुश्रुताचार्यांनीं दिलेला दृष्टांत तर आमच्यासारख्या मातीच्या भिंतींच्या घरांत वाढलेल्या माणसास पटकन् पटतो. पडूं पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेंकू जसा सांवरून धरतो, तसा उपचार याप्य रोग्यास धरतो. घर पडत नाहीं म्हणून टेंकू काढून पाहणाऱ्यास आपण काय म्हणूं?

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनीं तेंच केलें. गोळीनें दाब ठीक झाला. ठीक आहे म्हणून गोळी थांबविली व दुधी भोपळ्याचा रस सुरू केला. दोन महिने त्यांना कांहींच झालें नाहीं, आणि हीच ह्या रोगाची कपटनीति. दाब वाढला तरी दुखत नाहीं. एका सकाळीं चहाचा पेला उचलतांना त्यांचा उजवा हात वर येईना. आज त्यांच्या सूनबाई त्यांना घांस भरवितात, आणि त्या माउलीनें सासऱ्यांस गोळीची आठवण केली असतां तिला काय ऐकावें लागलें होतें तें आम्हांस माहीत आहे. लहान वयांतल्या मधुमेहाची गोष्ट ह्याहून कठीण. ज्या मुलाच्या शरीरांत इन्सुलिन तयारच होत नाहीं, त्याचें इन्सुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद केलें तर थोड्या दिवसांतच प्राणावर बेततें. १९२२ च्या जानेवारींत टोरांटोस एका चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें आईबापांच्या डोळ्यांदेखत झिजून जात.

‘रासायनिक’ आणि ‘नैसर्गिक’ ह्या दोन शब्दांत लोक समजतात तेवढें अंतर नाहीं. क्विनीन ही सिंकोना झाडाची साल. हृद्रोगावरील डिजिटॅलिस हें विलायती फुलझाडाचें पान, डॉ. विदरिंग ह्यांनीं त्याचा अभ्यास १७८५ त प्रसिद्ध केला. आणि रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासांत आपल्या मुंबईचें एक मानाचें पान आहे. आपल्याकडील वैद्य सर्पगंधेची मुळी उन्मादावर व निद्रानाशावर पूर्वींपासून देत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं ती रक्तदाबाच्या रोग्यांस पद्धतशीर देऊन, मोजून, टिपून, पन्नास रोग्यांचा अनुभव १९४९ सालीं विलायतेंतील हृद्रोगाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचें लक्ष त्या मुळीकडे गेलें. १९५२ त स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं तींतून रेसरपिन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि त्याची गोळी झाली. मग आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. ह्या औषधानें कांहीं रोग्यांचें मन इतकें उदास होई कीं जीव नकोसा व्हावा. मुळी आपल्याच रानांतली, म्हणून निरुपद्रवी, हा हिशेब तेथें चुकला.

सदाफुलीची हकीकत तर आमच्या वाचक भगिनींनीं अवश्य लक्षांत ठेवावी. कारण तिचीं पानें सकाळीं अनशापोटीं चावणारे मधुमेही गल्लोगल्लीं आहेत. जमेका बेटांतही लोक तिचा चहा मधुमेहावर घेत. कानडांतील नोबल व बीअर ह्या शास्त्रज्ञांनीं तीं पानें तपासलीं, तेव्हां त्यांना साखर उतरलेली दिसेना. उतरल्या त्या रक्तांतील पांढऱ्या पेशी. १९५८ त त्यांनीं तिच्यांतून एक द्रव्य काढलें, आणि पुढें त्याच झाडापासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील एक प्रमुख औषध मिळालें. ज्या द्रव्यांवर कर्करोगाच्या रुग्णालयांत थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतात, तीं ज्या झाडांत आहेत, त्याचीं पानें आमचे लोक अंगणांत उभे राहून मूठभर खातात!

गुळवेलीचेंही असेंच. कोरोनाच्या सांथींत ती घराघरांत उकळली गेली. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांस सहा रोगी असे आढळले कीं यकृतास इजा झालेली व पोटांत गुळवेल. आयुष मंत्रालयानें त्यावर हरकत घेतली. ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असूं शकेल, असें म्हटलें. आम्ही हा वाद सोडविण्यास बसलों नाहीं. पण दारावर वेल विकावयास येणाऱ्याकडून ती घेतांना, तीच आहे कीं दुसरी, हें आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल? इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय औषधांची तपासणी अमेरिकेंत २००८ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत सुमारें पांचव्या हिश्शांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. भस्में करावयाचीं तर शास्त्रोक्त करावीं आणि जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावीं, हें आमच्या आजोबांसही ठाऊक होतें.

निसर्गाच्या बाजूनें जें खरें तेंही सांगितलें पाहिजे. आमच्या भागांत क्षयाचा रोगी म्हणजे मिरज असें समीकरण होतें. वानलेसवाडीच्या आरोग्यधामांत मोकळी हवा, दूध, अंडीं आणि सक्तीची विश्रांति, ह्यापलीकडे एके काळीं फारसा उपाय नव्हता. कित्येक त्यावर बरेही झाले. औषधें निघाल्यावर मद्रासेस एक निर्णायक प्रयोग झाला. कांहीं क्षयरोग्यांस आरोग्यधामांत, उत्तम आहारावर ठेवलें, व कांहींस दाटीवाटीच्या घरांतच, त्यांच्या हलक्या आहारावर. गोळ्या दोघांस त्याच. १९५९ त निष्कर्ष प्रसिद्ध झाला, कीं दोन्हीकडे गुण जवळ जवळ सारखाच आला. तेव्हांपासून क्षयरोग्यास घर सोडावें लागत नाहीं. पण गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर उरलेले जंतु माजतात, आणि मग तींच औषधें त्यांना जुमानीत नाहींत.

रक्तदाबांत मात्र आहारविहाराचें वजन मोठें. दिवसाचें मीठ पांच ग्रामच्या आंत ठेवावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या ताटांतलें लोणचें, पापड आणि सांडगे मोजूं लागलें तर त्यांतच तें संपावयाचें. मीठ उतरलें, दूधगंगेच्या बाजूस रोज चार-दोन मैल फिरणें झालें, वजन घटलें, तर दाबही घटतो, आणि डॉक्टर स्वतः गोळी कमी करतात. ती त्यांनीं मोजून कमी करावयाची. आपण अंदाजानें नव्हे.

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगीं जे चार गुण हवेत, त्यांत एक ‘ज्ञापकत्व’ आहे. म्हणजे आपल्याला काय होतें हें वैद्यास नीट सांगतां येणें. हल्लीं ह्या गुणाचा अर्थ थोडा वाढविला पाहिजे. पोटांत काय काय जातें तेंही सांगावें. आमच्याकडे रोगी डॉक्टरांपासून काढा लपवितो, वैद्यापासून गोळी लपवितो, आणि सुनेपासून दोन्ही. आमच्या शेजारच्या घरीं ह्यावर एक साधी तोड काढली आहे. वडीलधाऱ्यांच्या सर्व गोळ्या, चूर्णें, काढे एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेला असतो, आणि कोल्हापुरास तपासणीस जातांना बरोबर नेतात. मागें त्यांच्या आजींचा रक्तदाब कांहीं केल्या आटोक्यांत येईना. डॉक्टर गोळी वाढविणार होते. तोंच त्यांची नजर कागदाच्या तळच्या ओळीवर गेली. खोकल्यासाठीं तीन महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा चालू होता. ज्येष्ठमधानें दाब चढतो व रक्तांतील पोटॅशियम उतरतें. त्यांनीं गोळी तेवढीच ठेवली, आणि ती तळची ओळ खोडली.